मनीचं अकरावीचं धर्मशिक्षण

शाळेत त्यांना सगळे नियमबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण पाठ वळली की नियमबाईच. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते आवडायचंही.

कॅथलिक शाळा ती, सिस्टर लोकांनी चालवलेली, नववी ते बारावी. कुठल्या मुलाने कोणत्या वर्षी काय घ्यायचं, कुठल्या कॉलेजला काय लागतं, कुणाचं काय राहिलंय, हे सगळं बघायचं काम बाईंकडे. भाषा चार वर्षं, गणित तीन, शास्त्र तीन आणि धर्मशिक्षण चारही वर्षं. यातलं शेवटचं सगळ्यांत कडक. मूल कॅथलिक असो नसो, हुशार असो की ढ, चारही वर्षांचं धर्मशिक्षण झाल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळत नसे. पालक यायचे, गयावया करायचे, कुठल्या कुठल्या ओळखी काढायचे. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, पाणी द्यायच्या आणि नाही म्हणायच्या. बिशपांचा सख्खा पुतण्या आला असता तरी त्यालाही पाणी आणि नकार, दोन्ही मिळालं असतं.

आता अशा बाईंच्या घरचंच पोर त्या शाळेत असावं म्हणजे पंचाईतच की. भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर जेमतेम शाळेत जायला लागलं होतं. मेहुणा जहाजावर, मनात येईल तेव्हा नाही, जहाज आणेल तेव्हा घरी यायचा, खाऊ-खेळणी द्यायचा आणि पुन्हा निघून जायचा. तेव्हापासून मावशी-भाची दोघींचंच घर. रस्त्यावरची लंगडी, आजारी मांजरं उचलून आणायची खोड, म्हणून पोरीचं नाव पडलं मनी. मनी जनावरांची डॉक्टर होणार, हे घरात कधी ठरलं ते कुणी सांगू शकलं नसतं, पण ठरलेलं होतं.

मनी शाळेत दाखल झाली त्याच दिवशी बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की भाचीच्या बाबतीत आपण बोटही लावायचं नाही. घरच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. शाळेत मनीही त्यांना इतरांसारखं बाईच म्हणायची. तिच्या विषयांची आखणी बाईंनी थोरल्या सिस्टरांकडे सोपवली. या थोरल्या सिस्टर म्हणजे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. पण शाळा त्यांना सोडेना आणि त्या शाळेला सोडेनात, म्हणून बाईंच्या खोलीत मदतीला बसायच्या.

दर वर्षी शाळा उघडली की दोघी मिळून पडताळणी करायच्या. जिन्याशेजारची चिंचोळी खोली, एका टेबलावर दोघी समोरासमोर. एकीने मुलाचं नाव आणि लागणारे विषय वाचायचे, दुसरीने त्याच्या नोंदी बघून ‘झालं’ किंवा ‘राहिलं’ म्हणायचं. मनीचं नाव जवळ आलं की बाई उठायच्या. चहाची किटली उचलायच्या आणि बाहेर जायच्या. किटली भरलेली असली तरी जायच्या. शिक्षकांच्या खोलीत यावरून चेष्टा व्हायची. बाई किटली घेऊन दिसल्या की कुणीतरी म्हणायचंच, “आलं वाटतं भाचीचं नाव.”

बाई बाहेर असताना आत काय चालायचं, ते मात्र कुणी कधी बघितलं नव्हतं. आत थोरल्या सिस्टर मनीचं पान न वाचताच उलटायच्या. त्यांचं म्हणणं असं, की जिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तिच्या घरातल्या पोरीचं आपण काय तपासायचं? तपासलं तर तो बाईंवर अविश्वास दाखवल्यासारखा होईल. घरी सगळं बघून झालेलं असणारच. आणि बाई घरी निर्धास्त, की शाळेत सिस्टर बघतायत. दोघी इतक्या सभ्य, इतक्या एकमेकींचा मान राखणाऱ्या, की विचारायचं म्हणून एकीनेही विचारलं नाही. भांडखोर असत्या तर बरं झालं असतं.

मनी बारावीत गेली त्या वर्षी सिस्टरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. म्हणून वाचायला खेळाचे सर आले. मैदानावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालेला, की खोलीत हळू बोलले तरी फाटकाशी ऐकू जावं. किटलीची भानगड त्यांना माहीत होती, पण पुढचं नाव कुणाचं आहे हे आधी बघून ठेवण्याइतका पोच त्यांना नव्हता. सिस्टर काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसल्या होत्या. बाई किटलीकडे हात नेतायत तोवर सरांनी मनीचं नाव पुकारलं आणि थांबता थांबले नाहीत.

“भाषा झाली. गणित झालं. शास्त्र झालं. धर्मशिक्षण, नववी झालं, दहावी झालं, अकरावी...” सर अडखळले. “राहिलं.”

“नीट बघा,” बाई म्हणाल्या.

“नीटच बघतोय. कोरं आहे बाई.”

बाईंनी किटलीकडचा हात मागे घेतला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मनीच्या नोंदी स्वतः बघितल्या. कोरंच होतं. सरांना जायला सांगावं, हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

झालं होतं ते असं. अकरावीला रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आणि धर्मशिक्षण एकाच तासाला यायचं, दर वर्षीचंच रडगाणं. म्हणून प्रॅक्टिकल घेणारी मुलं धर्मशिक्षण उन्हाळी वर्गात करायची. उन्हाळी वर्गाला नावं बाई पाठवायच्या, आपण तपासलेल्या आखण्यांवरून. मनीची आखणी त्यांनी तपासलीच नव्हती. सिस्टरांनी रसायन लिहिलं, आणि उन्हाळी वर्गाचं बाई बघतीलच म्हणून पुढे गेल्या. माशी शिंकली ती इथे.

आता बारावीत ते करू म्हटलं, तर अकरावीचा धर्मशिक्षणाचा तास नेमका बारावीच्या जीवशास्त्राच्या तासाला. जीवशास्त्र सोडलं तर जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज दारात उभं करणार नाही. धर्मशिक्षण सोडलं तर शाळेचं प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवायही ते कॉलेज दारात उभं करणार नाही. उन्हाळी वर्गापर्यंत थांबावं, तर तोवर प्रवेश होऊन गेलेले. पोरीचं एक वर्ष तर गेलंच, आणि जागाही गेली. बाई दर वर्षी लोकांच्या मुलांना हाच खड्डा चुकवायला शिकवायच्या.

“मला वाटलं, तुम्ही घरी बघता,” कोपऱ्यातून सिस्टर म्हणाल्या.

“आणि मला वाटलं, तुम्ही इथे बघता.”

बाईंना सिस्टरांचा राग आला, सरांचा आला, कारण नसताना किटलीचासुद्धा आला. पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, आणि तो कुणावर काढता येईना.

घरी गेल्या तेव्हा मनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मांजराच्या एका पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजत होती. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या सांगून टाकलं. मनीने मान वर केली नाही.

“माहितीये मला,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“उन्हाळी वर्गाची नावं लागली ना, तेव्हापासून. माझ्याबरोबरच्या सगळ्यांची होती. माझं नव्हतं.”

“आणि तू बोलली नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?”

“आधी वाटलं, राहून गेलं असेल, येईल तुझ्या लक्षात. बाकीच्यांचं येतं की. त्या सुतारकाकांच्या मुलाचं भूमितीचं राहिलं होतं, तर तू सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आलीस. मग म्हटलं, बघू या माझ्याकडे कधी बघते ते.”

“परीक्षा घेत होतीस माझी?”

“परीक्षा नाही गं. वाट बघत होते. मग तो वर्ग सुरू झाला, मग संपला. मग भीती वाटायला लागली. आणि मग इतका उशीर झाला, की सांगायचं कसं तेच कळेना.”

बाई खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर तशीच. “शाळेत मी तुझ्याकडे बघत नव्हते ते काही...”

“कळतं मला. लोक बोलतील म्हणून. पण मावशी, काय बोलले असते लोक? मावशीने भाचीचं बघितलं, एवढंच ना?”

बाईंना रडू आलं. रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते धडपणे येईनाही. नाक ओढत, खोकत, पदर शोधत त्या बसून राहिल्या, आणि पदर सापडला तर तो पर्सखाली अडकलेला. मनीने जरा वेळ बघितलं, मग पिल्लू त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “धर जरा. मी चहा टाकते.”

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापिकाही सिस्टरच, पण त्यांना सगळे मदर म्हणत. कमी बोलणाऱ्या, समोरच्याला बोलू देणाऱ्या. त्यामुळे त्यांच्यापुढे खोटं बोलणं फार जड जायचं.

“एका विद्यार्थिनीचं अकरावीचं धर्मशिक्षण राहिलंय,” बाईंनी सुरुवात केली. आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, “माझ्या भाचीचं राहिलंय. मी तिच्यासाठी मागायला आलेय.”

मदरनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “इतक्या वर्षांत तुम्ही या खोलीत कुणासाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.”

“नाहीच मागितलं.”

“माफी मी देणार नाही. ही शाळा ज्यासाठी उघडली, तेच तिला सोडून द्यायचं म्हणजे काय राहिलं?”

“माफी नकोय, वर्ग हवाय. सकाळी पहिल्या घंटेच्या आधी. चर्चमधले फादर सकाळची मिस्सा आटोपून तेव्हा मोकळेच असतात. मी त्यांना विचारलंय, ते शिकवायला तयार आहेत.”

“एका मुलीसाठी वर्ग?”

“हो.”

“चारांपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर वर्ग उघडायचा नाही. हा नियम कुणी आणला होता?”

बाईंनीच आणला होता. शिक्षक आपापल्या लाडक्या मुलांसाठी खास वर्ग काढायचे, ते बंद व्हावं म्हणून भांडून भांडून आणला होता. त्या वेळी त्यांना कोण अभिमान वाटला होता.

“मी,” बाई म्हणाल्या.

“मग बदलायचा का?”

हो म्हणावंसं बाईंना फार वाटलं. अगदी ओठांवर आलं. मदरनी विचारलंय म्हणजे बदलतीलही, हे त्यांना दिसत होतं. पण जिन्याशेजारच्या त्या खोलीत परत जाऊन मग कुणाच्या तरी बापाला नाही कसं म्हणायचं, ते मात्र दिसत नव्हतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “चार जण मी आणते.”

“कुठून आणणार? बारावीतल्या सगळ्यांचं झालंय.”

“नियमात विद्यार्थी म्हटलंय. वय कुठेच म्हटलेलं नाही. मी बसते वर्गात. पुस्तक घेईन, गृहपाठ करीन, परीक्षा देईन.”

मदर हसल्या. त्या हसतात, हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. “बरं. पण मग सगळं रीतसर. आणि मनीची आखणी नव्याने करून हवी. तुम्ही समोर बसवून केलेली, इतर मुलांची करता तशीच.”

दोघी झाल्या, आणखी दोन हवे होते. बाई थोरल्या सिस्टरांकडे गेल्या. आदल्या दिवसापासून दोघी एकमेकींसमोर यायचं टाळत होत्या, त्यामुळे आधी थोडा वेळ डोळ्यांच्या औषधाबद्दलच बोलणं झालं.

“उभा जन्म नन म्हणून काढला मी,” सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, “आणि आता अकरावीचं धर्मशिक्षण?”

“हो.”

“परीक्षेसकट?”

“परीक्षेसकट. डोळे बरे झाल्यावर.”

“देते. पान न वाचता उलटलं, त्याला ही शिक्षा काही जास्त नाही.” मग त्यांनी बाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाईंनीही काढून घेतला नाही.

खेळाच्या सरांनी मात्र आढेवेढे घेतले. “माझा काय गुन्हा? मी तर फक्त वाचलं.”

“तुम्ही वाचलंत म्हणून तर कळलं,” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं आम्ही दोघींनी मिळून जे केलं नाही, ते तुम्ही केलंत. आता अर्धवट सोडू नका.”

एवढं कौतुक सरांचं त्या शाळेत कधी झालं नव्हतं. ते विरघळले. शेवटच्या बाकावर बसू द्यायचं आणि फादरनी प्रश्न विचारायचे नाहीत, या दोन अटींवर ते तयार झाले. दुसरी अट फादरनी पहिल्याच दिवशी मोडली, तो भाग वेगळा.

वर्ग वर्षभर चालला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ताप आला तरी चौघांतलं कुणी चुकलं नाही, कारण एक जरी गळला तरी वर्ग बंद. सिस्टर फादरांशी इतका वाद घालायच्या, की पहिली घंटा झाली तरी मुद्दा संपायचा नाही. सर काठावर पास झाले आणि आठवडाभर ताठ मानेने फिरले. मनीला प्रमाणपत्र मिळालं. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी मदरनी सांगितलेली ती आखणी व्हायची होती.

ती झाली एका साध्या कामाच्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतर. जिन्याशेजारच्या खोलीबाहेर नववीची मुलं रांगेत उभी होती, कारण त्यांच्या आखण्यांचे ते दिवस. मनी रांगेत उभी राहून, आपली पाळी आल्यावरच आत आली. टेबलासमोरच्या खुर्चीत बसली. या खुर्चीत शाळेतलं प्रत्येक मूल बसून गेलं होतं. मनी पहिल्यांदा बसत होती. दार नेहमीसारखं उघडंच होतं.

“बाई,” मनी म्हणाली, “काय काय विचारता तुम्ही सगळ्यांना?”

“पुढे काय करायचंय ते विचारते. का करायचंय ते विचारते. आणि त्यात भीती कशाची वाटते, ते विचारते.”

“मग विचारा ना.”

बाईंनी पेन हातात घेतलं. “पुढे काय करायचंय?”

“जनावरांची डॉक्टर.”

“का?”

“ती सांगत नाहीत म्हणून. त्यांचं काय दुखतंय ते आपणच शोधून काढावं लागतं. ते मला जमतं.”

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न त्यांनी इतक्या मुलांना इतक्या वेळा विचारला होता, की तो आपोआप तोंडातून बाहेर पडला. “भीती कशाची वाटते?”

मनीने दाराकडे बघितलं, मग टेबलाकडे. “रक्ताची,” ती हळू आवाजात म्हणाली. “तो बोका आणला होता ना मी, कान फाटलेला? मी मोरीत हात धूत होते असं तुला वाटलं होतं. मी उलट्या करत होते. जखम बांधताना मी डोळे मिटूनच बांधते. कॉलेजात तर चिरायला लावतात. तिथे भोवळ येऊन पडले तर? मला तेच व्हायचंय गं, पण जमेल का नाही, तेच कळत नाही. कितीतरी दिवस झाले, मला कुणालातरी विचारायचंय.”

एका घरात, एका छपराखाली इतकी वर्षं काढली होती दोघींनी. त्या बोक्याच्या वेळी बाई मोरीबाहेरच उभ्या होत्या आणि बाहेरून ओरडून म्हणाल्या होत्या, किती पाणी वाया घालवतेस. त्यांना ते लख्ख आठवलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात दारातून एक डोकं आत आलं. नववीतला मुलगा होता, पुढचा नंबर त्याचा. “बाई, माझी पाळी कधी? माझा तास बुडतोय.”

एका मुलाला किती वेळ द्यायचा, हे बाईंचं ठरलेलं असायचं आणि मनीचा वेळ कधीच संपला होता. रांगेतली पुढची दोन-तीन मुलं कान देऊन ऐकत होती. मनी उठायला लागली.

“बस तू,” बाई तिला म्हणाल्या. मग दाराकडे वळून, पार रांगेच्या शेवटापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही सगळे आता वर्गात जा. उद्या या. आज वेळ लागेल. माझी भाची बसलीये.”

मुलं पांगली. बाईंनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून मनीच्या शेजारी आणून ठेवली आणि बसल्या.

“हं, आता सांग,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा असं कधी झालं?”